ठाणेदाराचं लंघन

"एवढासा तर मासा!" हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते आमच्या धंतोलीच्या घराच्या जिन्यात, आणि तेव्हा जो राग आला तो अजून पुरता उतरलेला नाही. वय वाढलं की माणसं मऊ होतात म्हणे. माझं तसं काही झालं नाही. मागच्या वर्षी एका लग्नात कोणाच्या तरी डोक्यातून निघालं आणि जेवणाच्या प्रत्येक टेबलावर काचेच्या पेल्यात एकेक फायटर मासा ठेवला होता, शोभेला! आमच्या टेबलावरचे एक गृहस्थ पेल्यात पनीरचा तुकडा टाकून "खातो का बघू" करत होते. मी सरळ त्यांचा हात धरला. नवरा कानाशी पुटपुटला, "अगं सोड ना, एवढासा तर मासा." घरी येईपर्यंत मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. त्याला वाटलं, पनीरवरून कोणी एवढं रागावतं का? पनीरवरून नव्हतेच मी रागावले. कशावरून, ते त्याला तोंडी सांगायला गेले की माझा आवाज चढतो, म्हणून इथे लिहून ठेवते.

आमच्या घरासमोर हॉस्पिटल, बाजूला हॉस्पिटल आणि मागे एक्स-रेवाला. वर टिनाच्या छपराखाली आम्ही तिघं राहायचो, आई, बाबा आणि मी, आणि खालच्या तीन खोल्या पेशंटच्या नातेवाइकांना देत असू. वणी, पुसद, आर्वी, गडचिरोली, कुठून कुठून लोक यायचे. चादरी, स्टोव्ह, पाण्याची कॅन, देवाचा फोटो, सगळं घेऊन. सकाळी मला जाग यायची ती रस्त्यावरच्या गटाराच्या झाकणावरून स्ट्रेचरची चाकं खडखडत गेली की. मग समोरच्या हॉस्पिटलचा भोंगा सुरू व्हायचा, "बेड नंबर सातचे नातेवाईक, बेड नंबर सातचे नातेवाईक!" आणि आमच्या खालच्या खोल्यांमधून कोणीतरी चपला न घालताच धावत सुटायचं. आम्ही लोकांना नावानं नाही, बेडच्या नंबरानं ओळखायचो. "सात नंबर घरी चालले," आई म्हणायची, "चादर धुवायला टाक."

आई पेशंटचे डबे करायची. आजार सांगा, ती पथ्य सांगणार. मऊ भात, मुगाच्या डाळीचं वरचं पाणी, बिनतिखटाचं दोडकं, ताकाची कढी. त्या घराला कायम फोडणीच्या हिंगाचा आणि फिनाइलचा मिळून वास येई. आमच्या स्वतःच्या पानात चव यायची ती रविवारी. त्या दिवशी आई सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, तळायची किंवा वडाभात करायची, वरून हिंगाचं तेल, आणि बाबा टिनाखाली घामाघूम होऊन तीनतीनदा वाढून घ्यायचे. बाबा सरकारी कार्यालयात कारकून होते. बोलायचे कमी, आणि जे बोलायचे त्यानं कोणाचंच काही बिघडू नये अशी काळजी घ्यायचे. मला त्याचाही राग यायचा.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. आमच्याकडून निघणारं कुटुंब आलेल्या कुटुंबाला सगळी माहिती देऊन जायचं. ही पद्धतच पडली होती. सामान बांधलेलं, ऑटो दारात, आणि जिन्याच्या पायरीवर उभं राहून जाणारी बाई येणाऱ्या बाईला सांगते आहे: नळ सहाला जातो, चहा कोपऱ्यावरच्याचा घ्या, रात्रपाळीची नर्स चांगली आहे, दिवसाची खेकसते, लिफ्टवाल्याशी भांडू नका. डॉक्टर काही सांगत नसत, पाटीवर काही लिहिलेलं नसे. पण हे मात्र एकीच्या तोंडून दुसरीला मिळायचं आणि त्यातला शब्दही इकडचा तिकडे व्हायचा नाही. पुढे पुढे ह्या यादीत माझा मासा शिरला.

दहावीच्या निकालानंतर बाबांनी मला बर्डीच्या बाजारात नेऊन तो घेऊन दिला. निळा, शेपटीशी लाल, पंख झालरीसारखे. दुकानदार म्हणाला, "फायटर है, इसको कुछ नहीं लगता. कटोरी में भी रहता है." हे साफ खोटं आहे हे मला फार नंतर कळलं. त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही. घरी लोणच्याची मोठी काचेची बरणी रिकामी होती, तिच्यात तो राहायला आला. आल्या आल्या त्यानं बरणीभर गस्त घातली, काचेत स्वतःलाच पाहून गलमिशा फुगवल्या आणि चाल करून गेला. बाबा चक्क मोठ्यानं हसले. "ठाणेदार आहे हा," ते म्हणाले. तेच नाव पडलं. टिनाखाली पाणी तापेल म्हणून बरणी खालच्या व्हरांड्यात, माठाच्या शेजारी कट्ट्यावर ठेवली. म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या हाताशी.

आता माझीच चूक सांगते. लिहायचंच तर हेही लिहायला हवं. वणीकडचा एक माणूस होता, त्याच्या वडिलांचं मोठं ऑपरेशन होतं. तो माठाशी पाणी प्यायला आला आणि बरणीपाशी उभा राहिला. हातात भाताचं शीत होतं. म्हणाला, "टाकू का वं? घेतलं तं माहा बाप सुधरते." आणि मी, अकरावी सायन्सची हुशार पोरगी, ऐटीत म्हणाले, "टाका ना! घेतोच तो. हमखास." ठाणेदार कशावरही झडप घालायचा, मग आवडलं नाही की थुंकायचा. त्यानं झडप घातली. थुंकलं ते त्या माणसानं पाहिलंच नाही. तो तोवर डोळे पुसत होता. आठ दिवसांनी बाप चालत बाहेर आला. जाताना त्यानं पायरीवर उभं राहून पुढच्या कुटुंबाला नळाची वेळ सांगितली, चहा सांगितला आणि म्हणाला, "अन् ऑपरेशनच्या आंदी त्या मास्याले शीत टाकून पाहा. घेतलं का समजा, काम फत्ते."

झालं! दिवाळीच्या आतच माझा ठाणेदार देव झाला. सुरुवातीला मी मिरवलं, खोटं कशाला बोलू? कॉलेजातून आले की बायका म्हणायच्या, "आली मासेवाली ताई," आणि मी मोठ्या तोऱ्यात बरणीवरचं फडकं काढायचे. शीत, साबुदाणा, चण्याची डाळ, शेवेचा तुकडा, ज्याला जे सुचेल ते. त्यानं घेतलं की एखादी बाई पदरात तोंड घालून रडायची आणि मला वाटायचं, आपण केवढं तरी पुण्याचं काम करून राहिलो. बाबा म्हणाले, "असू दे, लोकांना आधार लागतो." आणि माशाला? त्याला काय लागतं, हे तिघांतल्या एकाच्याही मनात आलं नाही.

मग एके सकाळी मी त्याचे रोजचे दाणे टाकले आणि तो वर आलाच नाही. तळाशी एका कुशीवर कलंडून पडला होता. रंग उतरलेला, पंख मिटलेले, पोट टम्म. श्वासापुरता कसाबसा वर यायचा, हवेचा एक घोट घ्यायचा आणि परत खाली. दाणा अगदी तोंडापुढे नेला तर मान फिरवली. हो, माशाला मान नसते, मला माहीत आहे, मी बायोलॉजी शिकत होते. पण ज्यानं आजारी जिवापुढे घास धरला आहे त्याला कळेल मी काय म्हणते ते. मी बरणी कलती करून तळ पाहिला. बाप्पा! शितं कुजून त्यांचा चिखल झालेला, त्यात साखरफुटाणे, खोबऱ्याचा किस, आणि कोणत्या तरी महाभागानं टाकलेला अंगारा! करडी राख सगळीकडे बसलेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी व्हरांड्यात उभी राहून ओरडले, "कोणी टाकलं हे? कोणी टाकलं?" तीन खोल्यांतून सात-आठ चेहरे बाहेर आले. एक म्हातारा काळजीनं म्हणाला, "खाऊन नाही राहिला का? आता कसं होईन हो आमचं?" आमचं! मासा मरायला टेकला होता आणि ह्यांना आमचं!

सायकल काढून बर्डी गाठली. दुकानदारानं सगळं ऐकून घेतलं, जाळी उचलली आणि म्हणाला, "दुसरा ले जाओ ना दीदी, सेम कलर है." मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही. एवढं खरं की त्याच्या दुकानातली गिऱ्हाइकं गप्प झाली, आणि तो जरा ओशाळून म्हणाला, "जिंदा अळी दिखाके देखो. कूलर की टंकी में मिलती है. मरा हुआ नहीं खाएगा, हिलता हुआ देखेगा तो शायद खाएगा. पण पहले पेट खाली होने दो." हे आधी सांगायला काय झालं होतं?

पोट रिकामं कसं करायचं ते मात्र आईनं सांगितलं. ती भाजी चिरत होती. मी रडत, नाक पुसत सगळं सांगितलं तर मान वर न करता म्हणाली, "काहून रडून राहिली? पेशंटच आहे ना तो? पोट फुगलेल्या पेशंटला आपण डब्यात काय देतो?" मी म्हटलं, "काहीच नाही." "मग? लंघन दे त्याला तीन दिवस. पाणी बदल, पण एकदम नाही, थोडं थोडं. नळाचं ताजं नको, रात्रभर बादलीत राहिलेलं घाल. आणि उगाच दर घटकेला जाऊन तोंडाशी काही धरू नको. आजारी माणसाला सगळ्यात जास्त त्रास पाहुण्यांचाच होतो." मासे-कासवं काही न पाळलेली माझी आई, पण तिचं एक अक्षरही चुकलं नव्हतं. आज माझ्या मुलानं मोठी टाकी ठेवली आहे, पाण्याचं तापमान दाखवणारा काटा आहे, फोनवर शंभर माणसं सल्ला देतात, आणि फिरून फिरून तेच सांगतात.

मी बरणी वर आणली. स्वयंपाकघराच्या खिडकीत, आईच्या नजरेसमोर ठेवली, तोंडाला पातळ फडकं बांधलं आणि खाली कट्ट्यावर पाटी लावली: "मासा आजारी आहे. कोणीही विचारू नये." विचारू नये म्हणे! दुपारपर्यंत लोक जिना चढायला लागले. कोणी नुसतं बघून जातो म्हणे, कोणी एकच दाणा. एका काकांना मी दारातच अडवलं तर ते हसून म्हणाले, "एवढासा तर मासा, त्याचं काय एवढं?" तेच ते वाक्य. काल ज्याच्यापुढे हात जोडत होते तो आज एवढासा झाला. मी धाडकन दार लावलं. आई ओरडली, "अर्चू, माणसं आहेत ती!" मी म्हटलं, "हौ, दिसून राहिलं!"

लंघनाच्या तिसऱ्या दिवशी खालच्या खोलीतली वच्छलाबाई वर आली. आर्वीची. नवरा शिंपी. त्याला समोरच्या हॉस्पिटलात ठेवून चार दिवस झाले होते आणि तिच्यासोबत आलेला दीर दुसऱ्याच दिवशी "येतोच" सांगून गेला तो गेलाच होता. लहानखुरी, कपाळावर ठसठशीत कुंकू, एका हातात घड्या पडलेला कागद आणि दुसऱ्या हाताची मूठ घट्ट मिटलेली. दारात उभी राहून म्हणाली, "बाई, एकच दाना. चारले सही द्या लागते. त्याच्या आंदी पाहू द्या."

घड्याळात दोन वाजून गेले होते. आईनं माझ्याकडे पाहिलं. "अर्चू, दाखव ना. तिच्या नवऱ्याचा प्रश्न आहे."

"नाही दाखवणार!" मी खिडकीपुढे आडवी झाले. तीन दिवसांचं सगळं एकदम उसळून आलं. "तुम्ही लोकांनीच मारलं त्याला! तो काय देव आहे? शितं टाकता, राख टाकता! काही खाणार नाही तो. तुमच्यासाठी नाही, कोणासाठीच नाही! पोट फुगलं आहे त्याचं, तीन दिवसांपासून उपाशी आहे, मरून राहिला तो, समजतं का तुम्हाला?"

वच्छलाबाई हलली नाही. रागावलीही नाही. माझ्या खांद्यावरून तिनं बरणीकडे पाहिलं, ठाणेदार तळाशी कुशीवर पडला होता तिकडे, आणि हळूच म्हणाली, "ह्यायचंबी पोट फुगलं हाय, पोरी. चार दिस झाले, पान्याचा घोट नाई. नाकात नळी घातली."

आईनं विळी आडवी केली. मग वच्छलाबाई बोलायला लागली, थांबत थांबत. "मले का समजत नाई का हा मासा हाय? समजते ना. पन मी कोनाले इचारू? डाक्टर येते, कागद देते, म्हन्ते सही कर. मी इचारलं का होते आप्रेशन केलं तं, तं म्हन्ते कागदात लिवलं हाय. नर्स म्हन्ते डाक्टरले इचारा. दीर म्हने मी आल्याबिगर सही करू नोको, अन् येऊन नाई राहिला. सही केली अन् माणूस गेला, तं म्हनतीन तूच मारलं. नाई केली अन् गेला, तरी म्हनतीन तूच. सारे मलेच इचारून राहिले. मले कोनी काई सांगून नाई राहिलं. म्हटलं, मासा तरी सांगीन."

मी तिच्या हातातला कागद मागितला. तिनं दिला. घडी उघडली तर दोन्ही बाजूंनी बारीक टाइप, आणि सगळं, सगळंच्या सगळं इंग्रजीत. खाली एक रेघ, रेघेखाली पेनानं केलेली फुली: इथे सही. मी आजवर खूप गोष्टींवर रागावले आहे, पण त्या फुलीइतका राग मला कशाचाच आलेला नाही. चौथी शिकलेली बाई, जिचं अख्खं आयुष्य मराठीत गेलं, तिला ही पानं देऊन "कागदात लिवलं हाय"? आणि तिला दोन दिवस तसंच बसवून, तिनं माशापुढे दाणा धरला तर अडाणी म्हणून हसायचं? मीही तेच केलं होतं की. आत्ताच, ह्याच दारात, ओरडून.

मी डिक्शनरी काढली. आईनं चूल बारीक केली आणि आमच्याजवळ येऊन बसली. मी एकेक ओळ वाचायची आणि जमेल तसं मराठी करायचं. आतड्याला पीळ पडला आहे. पीळ सुटला नाही तर आतला भाग सडतो. सडलेला भाग कापून काढतील. भूल देण्यात धोका आहे. दगावूही शकतात. हा शब्द मी गिळायला बघत होते, आईनं कोपरानं ढोसलं, "वाच. सगळं वाच." वाचलं. वच्छलाबाईनं मान हलवली, जणू एवढ्याचीच वाट पाहत होती. मग एका शब्दाशी मी अडले. डिक्शनरीत तो नव्हताच. "हे मला येत नाही," मी म्हटलं. "चला, विचारून येऊ."

हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर एक तरुण डॉक्टर टेबलाशी उभा राहून समोसा खात होता. मी कागद त्याच्यापुढे धरला आणि विचारलं, "हा शब्द काय आहे?" त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू कोण?" "मी समोर राहते. ह्यांना कोणी वाचून दाखवलेलं नाही." तो म्हणाला, "अगं, स्टँडर्ड फॉर्म आहे. ह्या लोकांना सांगूनही कळत नाही." वच्छलाबाई तिथेच उभी होती, हातभर अंतरावर! मी म्हटलं, "सांगून पाहिलं का एकदा तरी?" माझा आवाज चढला असावा, कारण बाकांवर बसलेले सगळे वळून बघायला लागले आणि त्यानं समोसा खाली ठेवला.

मग त्यानं सांगितलं. माझ्या अंदाजानं पाच मिनिटं लागली असतील, जास्त नाही. तो शब्द म्हणजे पोटाला भोक पाडून बाहेर लावतात ती पिशवी. कदाचित काही महिने लागेल, कदाचित लागणारही नाही. न केलं तर दोन दिवसही काढणं कठीण. केलं तर निम्मी आशा. उशीर झाला आहे. हेही त्यानं सांगितलं, आणि ते सांगताना, कबूल करते, तो नीट बोलला. वच्छलाबाईनं सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला, "पिशवी लागली तं मशीनवर बसता येईन का? शिलाईच्या?" डॉक्टर म्हणाला, "येईल. पायाला काही होत नाही. येईल बसता."

"मंग द्या पेन," ती म्हणाली.

पेन धरायला तिला मूठ उघडावी लागली. इतका वेळ ती मिटलेलीच होती, जिन्यात, रस्त्यावर, लिफ्टमध्ये. तळव्याला भाताचं शीत चिकटलेलं होतं, दाबून चपटं झालेलं. ते कुठे टाकावं असं तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि मग तोंडात टाकलं. नंतर टेबलावर वाकून तिनं सही केली, नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, एकेक अक्षर कोरून, रेघेबाहेर जाऊ न देता. फुलीवर मात्र तिनं सही केली नाही, तिच्या शेजारी केली.

ऑपरेशनला आत नेल्यावर आईनं तिला वर बोलावलं. "कधीपासून जेवली नाही?" आईनं विचारलं. वच्छलाबाईला आठवेना. चार दिवस पेशंटच्या पथ्याची चौकशी करणाऱ्या आम्ही, खालच्या खोलीतली बाई जेवली का हे आम्हीही विचारलं नव्हतं, हे आईला लागलं असावं, कारण तिनं आधी डब्यातलाच मऊ भात वाढला, वर वरणाचं पाणी, आणि म्हणाली, "एकदम नको. हळूहळू खा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या कूलरच्या टाकीतून वाटीभर पाणी उपसलं. त्यात अळ्या वळवळत होत्या. एक उचलून बरणीत सोडली. ठाणेदार तळाशीच होता, पण पोट उतरलेलं दिसत होतं. अळी वळवळत खाली गेली. त्याचा एक डोळा हलला. मग एक पंख उघडला, मग दुसरा. मी श्वास धरून उभी, आई हातात झारा घेऊन उभी. तो तिरका तिरका वर आला, थांबला, आणि पटकन ती अळी गट्ट केली. थुंकली नाही! मी आईच्या गळ्यात पडले. खालून कोणीतरी हाक मारली, "काय झालं वं ताई? मासा जेवला का?" मी जिन्याच्या कठड्यावरून वाकले आणि म्हणाले, "नाही. मेला."

आई झारा घेऊन आत गेली. बाबांना संध्याकाळी कळलं तेव्हा ते म्हणाले, "एवढ्या सगळ्यांना खोटं सांगायचं म्हणजे..." आणि आईनं, ज्या आईनं मला माणुसकीवरून रोज बोल लावले तिनं, त्यांना मध्येच तोडलं, "मेलाच तो खालच्यांसाठी. जेवा तुम्ही."

वच्छलाबाईचा नवरा नवव्या दिवशी गेला. ऑपरेशन झालं, दोन दिवस शुद्धीवर होता, मशीनचं झाकण लावलं का असं त्यानं तिला विचारलं होतं; मग ताप चढला तो उतरला नाही. बातमी आली तेव्हा मी कॉलेजच्या कपड्यांतच जिन्यावर बसून राहिले. कागद मी वाचला होता. चला, विचारून येऊ, असं मी म्हटलं होतं. सोळा वर्षांची होते. मला वाटलं, आता ती वर येईल आणि मला विचारेल, काहून वाचला गं कागद?

ती आली. आईचा डबा परत करायला, घासूनपुसून लख्ख केलेला. कुंकू नव्हतं. दीर आता उगवला होता, आणि खालून त्याचा आवाज येत होता, कोणाला विचारून सही केली, कोणाला विचारून! ती त्याच्याकडे लक्ष न देता आत आली आणि तिची नजर खिडकीकडे गेली. ठाणेदार गलमिशा फुगवून काचेवर चालून जात होता. मी लपवायला धावले, पण उशीर झाला होता.

"हा तं जित्ता हाय," ती म्हणाली.

मी मान खाली घातली. "त्या दिवशी नसतं खाल्लं त्यानं," एवढंच मला बोलता आलं. "खरंच नसतं खाल्लं."

"माहीत हाय." तिनं डबा ओट्यावर ठेवला. "पोरी, गावात सारे इचारतीन, काय झालं, कसं झालं. मास्यानं खाल्लं नाई म्हणून मी बसून राहिली असती, तं काय सांगतलं असतं मी? आता सांगीन. आतड्याले पीळ होता, उशीर झाला होता, निम्मी आशा होती. सारं सांगीन. त्यायले मशीनवर बसता आलं असतं, हेबी सांगीन." मग ती रडली, आईच्या खांद्यावर, मोठ्यानं, आणि दीर खालून हाका मारत राहिला.

ऑटो दारात आला तेव्हा मी कठड्याशी उभी होते. तिच्या खोलीत चिमूरकडची एक बाई सामान घेऊन आली होती, बावरलेली, हातात फाइल. दीर घाई करत होता. वच्छलाबाई तरी पायरीवर थांबली. नळ सहाला जाते, तिनं सांगितलं. चहा कोपऱ्यावरचा. रातची नर्स चांगली हाय. त्या बाईनं पदर सावरत विचारलं, "अन् तो मासा म्हन्तात तो कुठी हाय? शीत टाका लागते ना?"

वच्छलाबाईनं वर माझ्याकडे पाहिलंही नाही.

"मासा मेला," ती म्हणाली. "कागद भेटला का वर जा. तिथं एक पोट्टी हाय, वाचून दाखवते. चिल्लावते थोडी, पन वाचते."